ते हल्ली कुठे असतात? सांस्कृतिक कार्य विभागाला आणि चित्रपट महामंडळाला खुले पत्र

प्रति,
मा. मंत्री, सांस्कृतिक कार्य विभाग, महाराष्ट्र शासन
मा. संचालक, सांस्कृतिक कार्य संचालनालय, मुंबई
मा. अध्यक्ष व संचालक मंडळ, अखिल भारतीय मराठी चित्रपट महामंडळ, कोल्हापूर

सादर नमस्कार.

टीव्हीवर जुना मराठी चित्रपट लागला की घरात कुणीतरी विचारतंच, "ही बाई नंतर कुठे दिसली नाही. आहे का हो अजून?" एक जण म्हणतो, गेली असेल. दुसरा म्हणतो, लग्न करून बाहेर गेली म्हणे. तेवढ्यात गाणं सुरू होतं आणि विषय तिथंच राहतो. या प्रश्नाचं उत्तर ज्यांच्याकडे असायला हवं ते आपण आहात. आपल्याकडे ते नाही, म्हणून हे पत्र उघडपणे लिहावं लागत आहे.

आम्ही जुन्या मराठी चित्रपटांच्या आणि नाटकांच्या श्रेयनामावल्या नोंदवून ठेवणारी काही मंडळी आहोत. कोणत्या चित्रपटात कुणी कोणती भूमिका केली, छायाचित्रात डावीकडून तिसरं कोण, दोन सारख्या नावांची माणसं एकच की वेगळी, हे तपासत बसणं हे आमचं काम. कलावंत गेल्याची बातमी आली की रात्री उशिरा विचारणा आमच्यासारख्यांकडे होते. वृद्ध कलावंताला मानधनाच्या अर्जासाठी पुरावा हवा असला की शोध आमच्यासारख्यांच्याच दारात येऊन थांबतो. पावणेदोनशे वर्षांहून जुनी परंपरा असलेल्या रंगभूमीची आणि १९१३ पासून चित्रपट काढणाऱ्या राज्याची माणसं कुठे आहेत, हे चार-दोन जणांच्या हौसेवर सोडून चालणार नाही.

हे काही आज सुरू झालेलं नाही. १४ मार्च १९३१ रोजी गिरगावातल्या मॅजेस्टिक थिएटरात 'आलम आरा' लागला. भारतातला हा पहिला बोलपट, आणि त्याचे नायक मास्टर विठ्ठल. मूकपटांत तलवारबाजी आणि धाडसाच्या कामांसाठी त्यांना एवढी मागणी होती की एक कंपनी सोडून ते दुसरीकडे गेले तेव्हा प्रकरण कोर्टात गेलं आणि त्यांच्या बाजूनं बॅरिस्टर जीना उभे राहिले. बोलपट आले, उच्चारांना महत्त्व आलं आणि विठ्ठल मागे पडत गेले. पुढची कित्येक वर्षं ते लहानसहान भूमिका करत राहिले आणि १९६९ साली गेले. 'आलम आरा'ची एकही प्रत आज शिल्लक नाही. त्यामुळे त्या चित्रपटात त्यांनी काय केलं हे बघण्याची सोयही राहिलेली नाही.

भगवानदादांचं सगळ्यांना माहीत आहे. १९५१च्या 'अलबेला'नं त्यांना जुहूचा बंगला आणि दारात गाड्यांची रांग दिली. फेब्रुवारी २००२ मध्ये ते गेले तेव्हा दादरच्या चाळीतल्या घरात राहत होते. ललिता पवार फेब्रुवारी १९९८ मध्ये औंधच्या घरी एकट्या असताना गेल्या, आणि ते कळायला दोन-तीन दिवस लागले. रवींद्र महाजनी जुलै २०२३ मध्ये तळेगावच्या भाड्याच्या घरात गेले. तिथंही दार उघडलं गेलं ते काही दिवसांनी. या दोन घटनांमध्ये पंचवीस वर्षं गेली. त्या काळात फोन बदलले, थिएटरं बदलली, पुरस्कारांच्या रकमा वाढल्या. एकट्या राहणाऱ्या वृद्ध कलावंताची आठवड्याला एकदा चौकशी करील असा एक माणूस मात्र आपण नेमला नाहीत.

ही सगळी पोस्टरवरची नावं. ती हरवली तरी निदान गेल्यावर बातमी होते. आम्हाला जास्त काळजी आहे ती श्रेयनामावलीच्या पाटीवरच्या खालच्या ओळीतल्या माणसांची. नायिकेची मावशी, पाटलाचा कारभारी, फडावरचा सोंगाड्या, ढोलकीवाला, विहीणबाई, सासरी जाच करणारी नणंद. यांच्याशिवाय मराठी चित्रपटातलं एक घर उभं राहत नाही. 'संत तुकाराम' १९३६चा. पुढच्याच वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. त्यातल्या तुकोबांइतकीच लक्षात राहते ती जिजाई. म्हशीला हाकणारी, देवाला चार शब्द सुनावणारी, पोरांच्या पोटासाठी भांडणारी. हे काम करणाऱ्या बाईंचं नाव श्रेयनामावलीत फक्त 'गौरी' असं आहे. ना आडनाव, ना गाव. एवढा मोठा अभिनय, आणि नोंदीत तीन अक्षरंसुद्धा नाहीत, दोनच.

आता तक्रारी.

सगळ्यात आधी मानधनाबद्दल, कारण रोजचं पोट त्यावर आहे. वृद्ध साहित्यिक-कलावंतांना मानधन देण्याची योजना १९५४-५५ पासून आहे आणि आज ती राजर्षी शाहू महाराजांच्या नावानं चालते. पूर्वी अ, ब, क अशा तीन श्रेणी होत्या आणि त्यांना महिना ३,१५०, २,७०० आणि २,२५० रुपये मिळत. २०२४ मध्ये आपण श्रेणी काढून सगळ्यांना सरसकट ५,००० केलेत. ते योग्यच झालं आणि त्याबद्दल मनापासून आभार. अडचण रकमेच्या आधीची आहे. वय ५०च्या पुढे हवं, कलेत किमान १५ वर्षं घातलेली हवीत, वार्षिक उत्पन्न ६०,०००च्या आत हवं. वयाचा दाखला, रहिवासाचा दाखला, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, आधार, पासबुक हे सगळं हेलपाटे घालून मिळतं. घोडं अडतं ते पंधरा वर्षांच्या पुराव्यापाशी.

सत्तरी ओलांडलेल्या कलावंताची पिशवी उघडली की काय निघतं, ते ज्यांनी पाहिलं आहे त्यांना पुढचं सांगावं लागणार नाही. काळं पडलेलं एक पदक, ज्यावर साल आहे पण नाव नाही. गावच्या यात्रा समितीचं सत्काराचं पत्र, घडीवर फाटलेलं, सही पुसट. एक समूह-छायाचित्र, वाळवीनं एक कोपरा खाल्लेला, आणि नेमकी ती व्यक्ती त्याच कोपऱ्यात उभी. चित्रपटाच्या गाण्यांची पुस्तिका, मुखपृष्ठ नसलेली, म्हणून चित्रपटाचं नाव आतल्या गाण्यांवरून शोधायचं. करारपत्र नाही, कारण करार झालाच नव्हता. काम संपलं की व्हाउचरवर सही करून रोख पैसे हातात पडायचे आणि व्हाउचर कंपनीकडे राहायचं. कंपनी बंद पडली की ती कागदपत्रं रद्दीत जायची. समितीपुढे हा ढीग ठेवला की शेरा येतो, 'सबळ पुरावा जोडावा'.

सबळ पुरावा आहे. तो सरकारच्याच कपाटांत आहे. राज्य नाट्य स्पर्धा १९५४ पासून चालू आहे आणि तिच्या प्रत्येक केंद्राचा निकाल अभिनयाच्या पारितोषिकांसकट जाहीर होतो. राज्य चित्रपट पुरस्कार साठच्या दशकापासून आहेत. अनुदान घेतलेल्या प्रत्येक मराठी चित्रपटाची फाइल आपल्या अखत्यारीत आहे. सेन्सॉरकडे चित्रपट प्रमाणपत्रासाठी जायचा तेव्हा कथासारांशाबरोबर संपूर्ण श्रेयनामावली द्यावी लागे, असा १९८३च्या नियमांत स्पष्ट उल्लेख होता. तो केंद्राचा विषय असला तरी राज्य सरकारनं पत्र लिहून त्या याद्या मागवायला कुणाची हरकत असण्याचं कारण नाही. म्हणजे पुरावा सरकारपाशी पडून आहे, आणि सरकार तो पुरावा मागतं आहे गुडघे दुखणाऱ्या म्हाताऱ्या माणसाकडे. हे उलटं करायला हवं. अर्जदारानं फक्त सांगावं की मी अमुक चित्रपटांत, अमुक फडात, अमुक कंपनीच्या नाटकात काम केलं. पडताळणी करणं ही कार्यालयाची जबाबदारी.

उत्पन्नाच्या मर्यादेचं गणितही एकदा मांडून पाहावं. वर्षाला ६०,००० म्हणजे महिन्याला ५,०००. घरातला मुलगा कुठे रोजंदारीवर असला तरी दाखल्यावरचा आकडा त्याच्या वर जातो आणि आई अपात्र ठरते. शिवाय जिल्ह्याला वर्षाला शंभर जणांची मर्यादा. ज्या जिल्ह्यात तमाशाचे फड, दशावतार, भारूड, गोंधळ, शाहिरी असं सगळंच आहे तिथं शंभर कुठे पुरणार? आणि जिल्ह्याची निवड समितीच वेळेवर नेमली गेली नाही तर तो शंभराचा आकडाही कागदावर राहतो. अर्ज पंचायत समितीतून पुढे जातो, समाजकल्याण विभागात पडून राहतो आणि मध्येच अर्जदार जातो.

मानधन सुरू झालं तरी दर वर्षी हयातीचा दाखला. तो चुकला की पैसे बंद. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला तालुक्याच्या गावी कुणी न्यायचं? बोटांचे ठसे झिजलेल्या माणसाचा अंगठा यंत्रावर उमटत नाही, हे बँकेत बसणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. आयुष्यभर ढोलकी वाजवलेल्या हाताचं तर विचारूच नका.

दुसरी तक्रार नावांची. ऐकायला ती किरकोळ वाटेल, पण अर्ज बाद होण्याचं आणि माणूस हरवण्याचं सर्वांत मोठं कारण तेच आहे. कलावंताचं पडद्यावरचं नाव वेगळं, माहेरचं वेगळं, सासरचं वेगळं आणि आधारवरचं वेगळं. ललिता पवारांचं मूळ नाव अंबा सगुण. सुरुवातीच्या मूकपटांत त्या 'अंबू' होत्या. 'ब्रह्मचारी'तल्या मीनाक्षी शिरोडकर मूळच्या रतन पेडणेकर. संध्या म्हणजे विजया देशमुख. 'रामशास्त्री'तल्या बेबी शकुंतला लग्नानंतर उमादेवी नाडगोंडे झाल्या. या मोठ्या नावांचं आपल्याला माहीत आहे, कारण त्यांच्याबद्दल लिहिलं गेलं. 'मास्टर', 'बेबी', 'कुमारी', 'मिस' एवढंच लावून पडद्यावर आलेल्या बाकीच्यांचं काय?

एकाच नावाची अनेक माणसं हा आणखी वेगळा गुंता. 'सुलोचना' म्हटलं तर रुबी मायर्स, मूकपटांतल्या सर्वांत महागड्या नायिका, ज्यांना पुढे फाळके पुरस्कार मिळाला आणि तरीही ज्या उतारवयात किरकोळ भूमिकांमध्ये दिसत राहिल्या. 'सुलोचना' म्हटलं तर आपल्या सुलोचनाबाई लाटकर. आणि लावणीसम्राज्ञी सुलोचना चव्हाण. 'जयश्री' म्हटलं तर शांतारामबापूंच्या चित्रपटांतल्या जयश्री, जयश्री गडकर आणि जयश्री टी. या तिघी. इंटरनेटवर एकीच्या नावावर दुसरीचे चित्रपट चढलेले असतात आणि मृत्यूच्या बातमीत तिसरीचा फोटो छापून येतो. खालच्या ओळीतल्या दोन 'शांता' किंवा तीन 'वसंत' यांच्यात काय घोटाळे होत असतील, याची कल्पना करावी.

म्हणून नोंद करताना एका माणसामागे किमान सहा गोष्टी लागतात: पडद्यावरची सगळी नावं, कागदोपत्री नाव, जन्मगाव, पहिलं आणि शेवटचं काम, सोबत काम केलेल्या दोन माणसांची नावं, आणि ओळख पटलेलं एक छायाचित्र. छायाचित्राच्या मागे पेन्सिलीनंच लिहायचं. बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूला उमटतो आणि शाई कागदातून उतरते. कुठलीही नोंद दोन स्वतंत्र ठिकाणांहून जुळल्याशिवाय पक्की धरायची नाही. एक पुस्तिका आणि तिच्यावरूनच छापलेली जाहिरात, हा एकच पुरावा झाला. आणि वयोवृद्ध माणसाला "आठवतंय का?" असं विचारू नये. ते खजील होतात आणि मग हो ला हो म्हणतात. समोर छायाचित्रं ठेवावीत आणि गप्प बसावं. नावं आपोआप येतात. एका बैठकीला पाऊण तास पुरे. त्यापुढे आठवणी एकमेकींत मिसळायला लागतात.

तिसरी तक्रार आपल्याला कदाचित नवी असेल, म्हणून ती जरा सविस्तर सांगतो. ३५ मिमीची फिल्म मिनिटाला ९० फूट धावते. एका फुटात १६ चौकटी. जुन्या चित्रपटाच्या सुरुवातीच्या पाट्या दोन मिनिटांच्या धरल्या तर ती १८० फूट फिल्म झाली, आणि दुय्यम कलावंतांची पाटी पडद्यावर जेमतेम चार सेकंद असायची, म्हणजे सहा फूट. ही सगळी फिल्म पहिल्या रिळाच्या तोंडाशी असते. प्रोजेक्टरवर रीळ चढवताना ऑपरेटरचा हात लागतो तो याच भागाला. जमिनीवर घासतो, धूळ खातो, दात्यांत अडकून भोकं फाटतात तो हाच भाग. फाटलं की कापायचं आणि जोड मारायचा, दर वेळी काही चौकटी कमी. तालुक्याचं थिएटर, मग जत्रेतले तंबू, असं प्रिंट पाच-सात वर्षं फिरून आलं की गाणी शाबूत असतात, मारामाऱ्या शाबूत असतात, पाट्या मात्र अर्ध्या गेलेल्या असतात. चित्रपट वाचतो आणि त्यात काम करणाऱ्यांची नावं आधी मरतात. पुढे त्याच प्रिंटवरून टीव्हीसाठी प्रत निघते, उरलेल्या पाट्या वेळ वाचवायला कापल्या जातात, आणि इंटरनेटवर चढवताना राहिलेल्या चार नावांवर कंपनीचं बोधचिन्ह बसतं.

मूळ निगेटिव्ह असेल तर हे भरून काढता येतं. पण १९५०च्या सुमारापर्यंतची फिल्म नायट्रेटची, लगेच पेट घेणारी. ८ जानेवारी २००३ रोजी पुण्यात नायट्रेटची साठवण असलेल्या जागेला आग लागली आणि हजारो रिळं गेली. नंतरची ॲसिटेट फिल्म उष्ण आणि दमट हवेत सडते. डबा उघडला की व्हिनेगरचा आंबूस वास येतो, फिल्म आक्रसते, कडा लाटांसारख्या होतात आणि मग ती कुठल्याच यंत्रावर चढत नाही. एका डब्यातला वास शेजारच्या डब्यांनाही बिघडवतो. आज मराठी निर्मात्यांच्या वारसांकडे माळ्यावर, गॅरेजमध्ये, बंद पडलेल्या थिएटरच्या केबिनमध्ये किती डबे अशा अवस्थेत आहेत, याची यादी राज्यानं एकदा करावी. सगळे चित्रपट पूर्ण स्कॅन करायला मोठा पैसा लागतो, हे आम्ही जाणतो. म्हणून आमचं म्हणणं आहे की निदान पहिलं रीळ आधी घ्या. चित्रपटामागे एक रीळ. एवढ्यावर हजारो नावं वाचतील.

आणि हा केवळ आठवणीचा प्रश्न नाही, हक्काचाही आहे. २०१२ साली प्रताधिकार कायद्यात दुरुस्ती झाली. कलावंताला आपल्या कामाशी आपलं नाव जोडलं जाण्याचा आणि व्यावसायिक वापरातून रॉयल्टीचा हक्क मिळाला. पण त्याच कायद्यात कलावंताच्या व्याख्येला एक परंतुक आहे. चित्रपटातलं काम किरकोळ किंवा प्रासंगिक स्वरूपाचं असेल आणि प्रथेप्रमाणे त्याचा श्रेयनामावलीत कुठेही उल्लेख नसेल, तर जवळपास सगळ्याच बाबतींत तो माणूस कायद्याच्या लेखी कलावंत ठरत नाही. म्हणजे पाटीवर नाव नसणं म्हणजे हक्कच नसणं. आज मालिकांची श्रेयनामावली डोळ्यांना वाचता येणार नाही अशा वेगानं जाते, आणि पाच-सहा संवाद असलेल्या माणसाचं नाव तर त्यातही नसतं. आजच्या दुय्यम कलावंतांना आपण उद्याचे बेपत्ता करून ठेवतो आहोत.

आजारपण आणि अपघाताबद्दल थोडक्यात, कारण इथं नवं सांगण्यासारखं काही नाही, फक्त करायचं राहिलं आहे. रंजना १९८७ साली चित्रीकरणासाठी बंगळूरकडे निघाल्या असताना अपघात झाला. मराठी चित्रपटातली आघाडीची नायिका चाकाच्या खुर्चीत आली आणि मार्च २००० मध्ये गेली. ती तेरा वर्षं हा उद्योग तिच्या कामावर पैसे मिळवत राहिला. आजही चित्रीकरणाला निघालेल्या सहकलावंताचा प्रवासात विमा असतोच असं नाही.

आणि तमाशासम्राज्ञी विठाबाई. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांना १९५७ आणि १९९० असा दोनदा राष्ट्रपतींच्या हस्ते सन्मान मिळाला. जानेवारी २००२ मध्ये त्या गेल्या तेव्हा रुग्णालयाचं बिल लोकांनी वर्गणी काढून भागवलं. त्यानंतर चार वर्षांनी, २००६ पासून, शासनानं त्यांच्या नावानं तमाशा क्षेत्रातला जीवनगौरव पुरस्कार सुरू केला. पुरस्कार चांगला आहे, चालू राहावा. पण त्यातले चार पैसे चार वर्षं आधी नारायणगावला पोचले असते तर विठाबाईंच्या औषधाला उपयोगी पडले असते.

एक गोष्ट इथं स्पष्ट करायला हवी, कारण 'शोध' म्हटलं की काही लोक कॅमेरा घेऊन दारात उभे राहतात. दिसेनासा झालेला प्रत्येक कलावंत हरवलेला किंवा दुःखी नसतो. 'श्यामची आई'तल्या श्यामचं काय झालं, असं लोक वर्षानुवर्षं विचारत. माधव वझे इंग्रजीचे प्राध्यापक झाले होते, नाटकं बसवत होते आणि नाट्यसमीक्षा लिहीत होते. आईची भूमिका करणाऱ्या वनमालाबाईंनी चित्रपट आपणहून सोडला आणि २००७ साली ग्वाल्हेरला त्यांचं निधन झालं. बेबी शकुंतला संसारात रमल्या. हा त्यांचा निर्णय होता आणि तो मानायलाच हवा. 'आज यांना ओळखणंही कठीण' अशा मथळ्याचे व्हिडिओ, परवानगी न घेता काढलेले आजारपणातले फोटो, जिवंत माणसाला श्रद्धांजली, हे प्रकार थांबले पाहिजेत. आम्ही मागतो आहोत ती नोंद सरकारदरबारी सुरक्षित असावी. पत्ता, फोन, प्रकृती यांतलं काहीही त्या व्यक्तीच्या लेखी संमतीशिवाय बाहेर जाऊ नये. आणि "माझं नाव ठेवा, पण मला शोधू नका" असं कुणी म्हणालं तर तसाच शेरा मारून पान बंद करावं.

आमच्या मागण्या अशा.

सांस्कृतिक कार्य विभागानं येत्या सहा महिन्यांत साठीच्या पुढच्या चित्रपट, नाट्य, तमाशा आणि लोककला क्षेत्रातल्या कलावंतांची राज्य नोंदवही सुरू करावी. वर सांगितलेल्या सहा बाबी तिच्यात असाव्यात. सुरुवात कोल्हापूर, पुणे, मुंबई, सातारा, सांगली आणि नारायणगाव परिसरापासून करावी, कारण माणसं तिथं आहेत आणि वयानं थकलेली आहेत. गोव्यात, बेळगावात, इंदूर-ग्वाल्हेर-बडोद्यात स्थायिक झालेल्यांना महाराष्ट्राचा रहिवास नाही म्हणून नोंदीतून वगळू नये.

मानधनाच्या अर्जात पुराव्याची जबाबदारी कार्यालयावर यावी. नाट्य स्पर्धा, चित्रपट पुरस्कार आणि अनुदान यांच्या जुन्या फाइलींतली नावं एकत्र करून ती यादी प्रत्येक जिल्हा समितीला द्यावी. नावांत तफावत असेल तर दोन ज्येष्ठ सहकलावंतांचं लेखी निवेदन ग्राह्य धरावं. अर्जावर ९० दिवसांत निर्णय व्हावा आणि नकार दिला तर कारण लेखी द्यावं. शंभरची मर्यादा उठवावी, उत्पन्नाची मर्यादा वाढवावी, आणि ७५ वर्षांवरच्या कलावंताचा हयातीचा दाखला ग्रामसेवकानं किंवा तलाठ्यानं घरी जाऊन घ्यावा.

चित्रपट अनुदानाच्या अटींत एक अट घालावी. 'अ' दर्जाला ४० लाख आणि 'ब' दर्जाला ३० लाख देताना निर्मात्याकडून संवाद असलेल्या प्रत्येक कलावंताचं पडद्यावरचं आणि कागदोपत्री नाव, भूमिकेसह, मराठीत घ्यावं. चित्रीकरणाच्या काळातला अपघात विमा सर्वांना होता याचा कागद घ्यावा. हे दोन कागद जोडल्याशिवाय अनुदान देऊ नये.

पहिल्या रिळांची योजना पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाशी बोलून आखावी. तज्ज्ञ आणि यंत्रं तिथं आहेत. राज्यानं खर्चाचा वाटा उचलावा आणि वारसांकडचे डबे आणून द्यावेत.

चित्रपट महामंडळाकडे आमची मागणी वेगळी आणि बिनखर्चाची आहे. आपल्याकडे सभासदांच्या जुन्या नोंदी आहेत. ज्यांचं सभासदत्व वर्गणीअभावी बंद पडलं, त्यांची यादी काढा. वर्गणी थांबली म्हणजे माणूस एकतर गेला, नाहीतर अडचणीत आहे. प्रत्येकाला एक फोन करा, लागला नाही तर त्या गावातल्या सभासदाला घरी पाठवा. एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांसाठी तालुक्यागणिक दोन स्वयंसेवक नेमा आणि दर रविवारी एक फोन ठरवून द्या. दोनदा उचलला गेला नाही तर त्याच दिवशी कुणीतरी दार वाजवावं.

आमच्याकडच्या श्रेयनामावल्यांच्या नोंदी, पुस्तिकांच्या प्रती आणि ओळख पटवलेली छायाचित्रं आम्ही विनामूल्य द्यायला तयार आहोत. नोंदवहीचा नमुनाही तयार आहे. आपण बैठकीची तारीख कळवावी. शक्यतो पावसाळ्याआधीची, कारण माळ्यावरचे डबे आणखी एक पावसाळा काढतील याची खात्री देता येत नाही, आणि ज्यांच्यासमोर छायाचित्रं ठेवायची आहेत त्यांच्यातले काही जण नव्वदीत आहेत.

आपले,
मराठी चित्रपट आणि नाटकांच्या श्रेयनामावल्यांची नोंद ठेवणारे काही अभ्यासक